एक पायली बरोबर दोन किलो

राजदीपचं म्हणणं असं, की जगात दोनच प्रकारच्या गोष्टी असतात. एक, ज्या काट्यावर चढल्या आहेत. आणि दुसऱ्या, ज्यांच्याबद्दल लोक नुसत्या गप्पा मारतात!

सडक अर्जुनीजवळच्या एका धान खरेदी केंद्रावर तो काट्यावर होता. म्हणजे काट्याशेजारच्या खुर्चीवर. हंगामात दिवसाला चारशे कट्टे त्याच्या डोळ्यांसमोरून जायचे. कट्टा म्हणजे धानाचं पोतं, आणि पोतं म्हणजे चाळीस किलो. ग्रॅमभर इकडे नाही, ग्रॅमभर तिकडे नाही. बारा वर्षांत धानाशिवाय दुसरं काहीही त्याच्या काट्यावर चढलेलं नव्हतं. पण ही बाब त्याच्या ध्यानात आली नव्हती. त्याला आपलं वाटायचं, आपल्याला वजनातलं कळतं.

माणसाकडे नुसतं पाहून तो वजन सांगायचा. स्वतःच्या लग्नात, गळ्यात हार असताना, त्याने सासूबाईंकडे एक नजर टाकली आणि "अठ्ठ्याहत्तर किलो!" असं मोठ्यांदा जाहीर केलं. आकडा बरोबर निघाला, तिथंच सगळं बिघडलं. सासूबाई आजही जावयाशी लेकीमार्फत, म्हणजे अल्कामार्फत बोलतात.

अशा माणसाच्या घरात एक बंडखोर होती. त्याची माय, कलाबाई. तिचा किलोवर विश्वास नव्हता. तिच्याकडे सासूकडून आलेली एक पितळी पायली होती. काठ झिजलेला, पोटाला दोन पोचे. घरात जे काही मोजलं जायचं ते त्या पायलीनं. आणि वर्षातून एकदा, बुद्ध पौर्णिमेला, ती पायली विहाराच्या स्वयंपाकाला जायची. साडेतीनशे माणसांची खीर आणि मुरमुऱ्यांचा चिवडा! सव्वीस वर्षं हे काम कलाबाईकडे होतं. आजूबाजूच्या तीन गावांतली माणसं त्या दिवशी इथल्या विहारात वंदनेला यायची. वंदना त्यांच्याही गावात व्हायची, एवढं सांगितलं म्हणजे खीर कशी होती ते समजून घ्या.

या वर्षी पौर्णिमेच्या आठ दिवस आधी कलाबाई बाजेवर उभी राहून बांबूने कैऱ्या पाडत होती. कैरी पडली, पाठोपाठ कलाबाई पडली. कैरीला काही झालं नाही. कलाबाईच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर बसलं.

दुसऱ्याच दिवशी विहार समितीची बैठक भरली. अध्यक्ष सेवकराम गुरुजी. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण बोलताना अजून हवेत फळा पुसतात.

"कलाबाई, तुमचा हात असा," गुरुजी म्हणाले. "साडेतीनशे माणसाची खीर एका हातानं कशी होईन? या साली गोंदियाचा एक कॅटरर सांगून देऊ. भाच्याच्या लग्नात होता. बढिया काम आहे त्याचं."

कलाबाईने प्लास्टरमधून बाहेर डोकावणारी बोटं पदराखाली घेतली. तिला पक्कं ठाऊक होतं, कॅटरर एकदा आत शिरला की पुढच्या वर्षी त्याला बोलवावं लागत नाही, तो आपणच फोन करतो. आणि मग कलाबाईने पौर्णिमेला काय करायचं? रांगेत उभं राहून दुसऱ्याची खीर घ्यायची?

आणि इथंच राजदीप उठून उभा राहिला!

"कॅटरर कायले? मी करतो ना!"

सगळी बैठक त्याच्याकडे वळली. मागं बसलेल्या अल्काने डोळे मिटून घेतले.

"खिरीत आहे काय, गुरुजी? वजन! माय पायलीनं सांगते, मी त्याचे किलो करतो. पक्की यादी बनवतो. यादी झाली का मायचा हात असो, नसो, काही फरक पडत नाही!"

"वा!" गुरुजींनी हवेतला फळा एका झटक्यात पुसला. "याले म्हणते शास्त्रशुद्ध काम! एकदा किलोत यादी झाली का कोणीबी करीन. कॅटररले बी देता येईन. मंग कलाबाईले दरवर्षी तरास द्याचं कामच नाही."

कलाबाईने मान वळवून लेकाकडे पाहिलं. चांगलं लांबलचक पाहिलं. राजदीपला वाटलं, कौतुक आहे. नजरेचं वजन करता येत नाही, नाहीतर त्याला तिथंच कळलं असतं.

त्याच संध्याकाळी ओसरीत यादीचं काम सुरू झालं. राजदीपने घरचा छोटा काटा मांडला, पायली तांदळाने भरली, वरून फूटपट्टी फिरवून सपाट केली आणि चढवली. काट्यावर आकडा आला, दोन किलो!

"पाहाय माय! एक पायली बरोबर दोन किलो. झालं! आता तू फक्त पायल्या सांगत जा, मी दोननं गुणतो."

कलाबाई सांगत गेली. तांदूळ अडीच पायल्या, पाच किलो. साखर तीन पायल्या, सहा किलो. दूध वीस पायल्या, म्हणजे चाळीस किलो, म्हणजेच चाळीस लिटर, कारण लिटर काय नि किलो काय, भाऊभाऊच! खोबऱ्याचा कीस दोन पायल्या, चार किलो. चिवड्याला मुरमुरे चाळीस पायल्या.

"ऐंशी किलो," राजदीपने लिहिलं.

अल्का दारात उभी होती. ती अंगणवाडीत मदतनीस आहे, रोज पोरांची खिचडी तिच्या हातून जाते. तिला राहवलं नाही.

"अहो, मुरमुऱ्याची एक पायली काट्यावर ठेवून तं पाहा."

"कायले?"

"कायले म्हणजे? मुरमुरा हलका राहते ना!"

"अल्का, भांडं तेच आहे का नाही?"

"आहे."

"तांदूळ भरला तवा दोन किलो. मंग मुरमुरा भरला तं भांडं लहान होते का?"

"भांडं नाही होत लहान, पण..."

"मी काट्यावर आहो, अल्का! बारा वर्षं! कट्टा म्हणजे चाळीस किलो, पायली म्हणजे दोन किलो. माय, तूच सांग, बरोबर आहे का नाही?"

कलाबाईने तोंड उघडलं. मग तिने यादीकडे पाहिलं. यादीच्या वरती राजदीपने सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'खीर-चिवडा, कोणीही करू शकेल.' कलाबाईने तोंड मिटलं.

"तू काट्यावर आहेस बाबा," ती म्हणाली. "मी अडाणी बाई, मले काय समजते!"

आता कलाबाई स्वतःला अडाणी म्हणवून घेते, तेव्हा शहाण्या माणसाने चपला घालून घराबाहेर पडावं. अल्का शहाणी होती, ती चहा ठेवायला आत गेली. राजदीप मात्र सडक अर्जुनीला जाऊन यादीला लॅमिनेशन करून आला.

मग त्याने गोंदियाच्या एका मुरमुरेवाल्याला, चैतराम सेठला, फोन लावला.

"अस्सी किलो मुरमुरा?" पलीकडून आवाज आला. "भैया, अस्सी किलो या अस्सी पाकीट?"

"किलो! मी वजन-मापाचाच माणूस आहो."

"भैया, दुकान खोल रहे हो क्या?"

"सामाजिक काम आहे," राजदीप म्हणाला. मग सेठ फार अदबीने म्हणाला, "गाडी बडी भेजनी पडेगी."

पौर्णिमेची सकाळ उजाडली. वैशाखाचं ऊन सात वाजताच कान तापवायला लागलं होतं. विहाराच्या बाजूच्या शेडमध्ये चूल पेटली, खिरीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, वर चढला, चाळीस लिटर दूध त्यात गेलं. गळ्यात गमछा, हातात लॅमिनेटेड यादी, असा राजदीप मधोमध उभा! कलाबाई घरीच होती. राजदीपनेच बजावलं होतं, "माय, तू आराम करजो. यादी आहे ना!"

साडेसातला चैतराम सेठची गाडी आली. आधी गाडी दिसलीच नाही, दिसली ती पोत्यांची भिंत. मागून पुढून दोऱ्या बांधलेली, वळणावर डुलणारी, माणसाच्या उंचीची दहा पोती! भिंतीखालून ड्रायव्हर टिकेश उतरला.

"गोदाम कोणतं, भाऊ?"

"गोदाम कायचं? विहारात उतरवून द्या."

टिकेशने विहाराकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं. "विहारात माणसं बसवाची आहेत का पोते?"

राजदीपने यादीवरचा ऐंशीचा आकडा पुन्हा एकदा वाचला. पण माघार घेणाऱ्यांतला तो नव्हता. "आणा इकडे!" म्हणत तो पुढे झाला. त्याने पाय रोवले, श्वास रोखला, गुडघे वाकवले, बारा वर्षं हमालांना जसं पाहिलं होतं तसं पोतं मिठीत धरलं आणि चाळीस किलोच्या तयारीने सगळा जोर लावून उचललं.

पोत्यात आठ किलो होते.

पोतं त्याच्या डोक्यावरून मागे उडालं आणि त्याच्या मागोमाग राजदीप! पोतं शेडच्या पत्र्याच्या कोपऱ्याला लागलं, टर्रकन फाटलं, आणि नेमक्या त्याच वेळी वैशाखातली वावटळ यायची ती आली. पुढची पाच मिनिटं त्या गावावर मुरमुरे पडत होते. कौलांवर, गोठ्यांत, हापशीच्या खड्ड्यात! विहाराशेजारी राहणाऱ्या दुधरामच्या शेळ्यांनी दावी तोडली. वंदनेला निघालेली पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली माणसं हात जोडून येत होती आणि एकमेकांच्या केसांतून मुरमुरे वेचत "जय भीम" करत होती.

"राजदीप!" गुरुजी धावत आले. त्यांच्या खिशातही मुरमुरे होते. "हे काय करून राहिला, बाबा?"

"काही नाही, गुरुजी. थोडं जास्त आलं."

"थोडं? भंतेजी येऊन राहिले, त्यांना बसवाचं कोठं? आसनावर पोतं बसलं आहे!"

तेवढ्यात शेडमधून अल्काची हाक आली. "अहो! इकडे या! खीर हालून नाही राहिली!"

राजदीप धावला. चार किलो खोबऱ्याचा कीस दुधात पडला होता आणि त्याने तिथं जाऊन सगळं दूध पिऊन टाकलं होतं. झारा गंजाच्या मधोमध सरळ उभा होता, कोणी धरलेला नसताना! राजदीपने झारा ओढला, तर झाऱ्यासोबत खीरही उठायला लागली.

"दूध कमी पडलं," अल्का म्हणाली. "आणि कीस दुपटीच्या वर आहे. खोबरं तांदळाएवढं जड राहते का कधी?"

राजदीपने यादी पाहिली. यादीत सगळं बरोबर होतं. तीच तर भानगड होती! त्याचा चेहरा इतका उतरला, की अल्काने जीभ चावली आणि पुढचं बोलणं गिळून टाकलं. साडेतीनशे माणसं, अकराला खीरदान, आणि शेडबाहेर गुरुजी चष्मा कपाळावर चढवून फोनमध्ये कॅटररचा नंबर शोधत होते.

"गुरुजी, थांबा ना," राजदीप रडवेला होऊन म्हणाला. "मायचं काम आहे हे. आज कॅटरर आला तं मायचं गेलं."

"अरे पण लोकांना काय खिरीच्या जागी मुरमुरे देऊ?"

"फोन ठेवा, गुरुजी."

हा आवाज कलाबाईचा होता. पांढरं पातळ, गळ्यातल्या झोळीत प्लास्टरचा हात, डाव्या काखेत पितळी पायली. ती आली, गंजात डोकावली, उभ्या झाऱ्याला एक टिचकी मारली आणि शेडमधल्या बाजेवर बसली.

"अल्का, आपल्या कोठीत गुळाच्या भेल्या आहेत. वीस किलो. आणून घे. कोणी बाया मोकळ्या असन तं बोलाव, हात धुवून बसू दे रांगेनं. मुरमुऱ्याचे लाडू बांधाचे आहेत."

"वीस किलो गूळ?" राजदीपला काही उमगेना. "आपल्या घरी? कवा आला?"

कलाबाईने उत्तर द्यायच्या आतच शेजारच्या टोलीवरची, म्हणजे वस्तीवरची, धनवंताबाई दुधाचा कॅन डोक्यावर घेऊन शेडमध्ये शिरली. पोवारांच्या घरची, दोन म्हशींची मालकीण, कलाबाईची तीस वर्षांची मैत्रीण.

"घे वो कला, दहा लिटर. तापवूनच आणलं."

"इतक्या लवकर कसं आणलं, काकू?" राजदीपने विचारलं. "खीर तं आत्ता बिघडली!"

"मले काय माहीत? तिनं परवाच सांगतलं होतं. म्हणे दहा लिटर ठेवजो, पौर्णिमेले नऊ वाजता लागन."

राजदीपने मायकडे पाहिलं. माय गंजाकडे पाहत होती.

मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. बाजेवर बसून कलाबाई डाव्या हाताच्या एका बोटाने सगळं हलवत होती. "दूध ओत. थांब. अजून. बस! आता साखर, मूठभर. तुझी मूठ नाही, अल्का, माह्या मुठीएवढी." झारा हळूहळू कलला आणि आडवा झाला. बाहेर मांडवात पन्नास-साठ बाया ओल्या तळव्यांनी लाडू वळत होत्या. पाकाचा वास हायवेपर्यंत गेला म्हणतात. दोन ट्रकवाले चौकशीला आले आणि तेही रांगेत बसले. टिकेशने तर गाडी परत न्यायचं नावच काढलं नाही, पोती रिकामी करता करता त्याने अकरा लाडू संपवले.

अकराला भंतेजींच्या हाताने खीरदान सुरू झालं. खीर तीच, कलाबाईची! उलट या वर्षी खोबरं जरा भरपूर, म्हणून लोक दुसऱ्यांदा वाटी पुढे करत होते. चिवडाही झाला. वर प्रत्येकी दोन लाडू, आणि तरी जाताना घरोघरी मुरमुऱ्यांची पिशवी. त्या गावात पुढे आषाढापर्यंत पाहुण्याला दुसरं काही मिळालं नाही.

गुरुजींनी वाटी चाटूनपुसून खाली ठेवली आणि राजदीपकडे हात केला.

"यादी कोठं आहे? आण इकडे."

त्यांनी यादी दोन्ही हातांत धरली आणि सगळ्यांसमोर फाडायला घेतली. पण लॅमिनेशन पक्कं होतं! गुरुजींनी दात लावून पाहिले, शेवटी नाद सोडला.

"कलाबाई," ते म्हणाले, "पुढच्या साली हात बरा असो का नसो, तुम्ही फक्त बाजेवर बसून सांगा. यादीचं काम नाही. आणि कॅटररचं तं अजिबातच नाही!"

मांडवात टाळ्या वाजल्या. कलाबाईने पदर डोळ्यांना लावला, धूर लागल्यासारखा. चूल तेव्हा विझलेली होती.

संध्याकाळी ओसरीत राजदीप तिच्यासमोर येऊन बसला.

"माय, तुले पहिल्याच दिवशी समजलं होतं ना?"

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

कलाबाई म्हणाली, "तू कायले यादी करून राहिला होता? कोणीबी करू शकन म्हणून. कोणीबी करू शकलं असतं तं मंग माहा काय काम होतं रे, बाबू? सव्वीस साल मी ते खीर केली. मले दुसरं येते काय?"

मायचं काम वाचवायला निघालो आणि आपल्याच हाताने ते लिहून दुसऱ्याला देत होतो, हे राजदीपला तेव्हा कळलं. त्याला फार वाईट वाटलं. त्याने तिच्या प्लास्टरवर चिकटलेला एक मुरमुरा काढला, आणि कुठं ठेवावा ते न कळून खाऊन टाकला.

"लोकांचे मुरमुरे वाया गेले असते तं?" अल्काने आतून विचारलं.

"वाया कसे जातीन?" कलाबाई म्हणाली. "ऐंशी किलो ऐकलं त्याच दिवशी गूळ सांगून ठेवला."

केंद्रावर बातमी राजदीपच्या आधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी मुन्नालाल नावाचा शेतकरी उन्हाळी धान घेऊन आला आणि पहिला कट्टा चढवायच्या आधी हात जोडून म्हणाला, "दोनकिलो भाऊ, माहा धान काट्यानंच मोजजा, पायलीनं नका मोजू!" त्या दिवसापासून राजदीपचं आडनाव बदललं.

तरी स्वभावाला औषध नसतं. आठवड्याने, घरात कोणी नाही असं समजून, राजदीपने छोटा काटा काढला. पायलीत मुरमुरे भरले, वरून फूटपट्टी फिरवली, चढवले. दोनशे तीस ग्रॅम! म्हणजे चाळीस पायल्या नऊ किलो, दोनशे ग्रॅम. ऐंशी नव्हे! त्याने खिशातून पेन काढलं आणि फक्त स्वतःसाठी, अगदी कोणालाही न दाखवण्यासाठी, कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहायला घेतला.

मागे बाज करकरली. कलाबाई भिंतीला टेकून वारा घेत बसली होती. लॅमिनेटेड यादीचा पंखा फार छान होतो.

"किती भरली रे?"

"दोनशे तीस ग्राम, माय. आता एकदम पक्कं."

"सपाट भरली का शिगेनं?"

राजदीपने फूटपट्टीकडे पाहिलं. "सपाट."

"दानाचं माप सपाट राहते का कधी?" कलाबाई वारा घेत म्हणाली. "सव्वीस साल मी शीग लावूनच भरून राहिली."

राजदीपने पायलीवर मुरमुऱ्यांची शीग लावली, काट्याकडे नेता नेता ती ढासळली, पुन्हा लावली, पुन्हा ढासळली. तिसऱ्यांदा त्याने पेनाला टोपण लावलं, काटा उचलून माळ्यावर ठेवला आणि सांडलेले मुरमुरे एकेक करून वेचायला बसला. वेचलेले किती होते, ते त्याने मोजलं नाही.